गावरान ससा, हायब्रीड ससा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा महिना होता आणि श्रीगोंदा तालुक्यात एका परिचित शेतकऱ्याच्या उसाला तोड आली होती. मी सहज म्हणून फडावर गेलो होतो. निम्मा फड मोकळा झाल्यावर पाचटात सशाची दोन पिल्ले सापडली. मुठीत मावतील एवढी, अंगावर दाट लव, डोळे टक्क उघडे. तोडणी थांबली, टोळी भोवती गोळा झाली. शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "यांना रेहेकुरीला नेऊन सोडू. अभयारण्य आहे, सुखानं राहतील." टोळीतल्या एक वयस्क बाई मात्र पिल्लांकडे निरखून पाहत होत्या. त्या मला म्हणाल्या, "सर, आमच्या गंगथडीला भुऱ्या मानेचे ससे बी दिसत्यात. इकडं भीमथडीला समदे काळ्या मानेचे. मंग ह्यातला गावरान कोन्ता आन् हायब्रीड कोन्ता?"

मी तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे. "मावशी, हायब्रीड गाय असते, हायब्रीड कापूस असतो. रानातला ससा कुठला हायब्रीड?" असे म्हणून मी हसलो, आणि सगळेच हसले. पिल्ले रेहेकुरीला न नेता आम्ही जवळच्या बांधावरच्या गवतात ठेवली. तोड पुन्हा सुरू झाली.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. निवृत्तीमुळे वेळ होता. सशांच्या जनुकांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर जे काम झाले आहे, ते मिळेल तसे वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले, की मावशींचा प्रश्न अगदी योग्य होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. रानातला ससाही 'हायब्रीड' असू शकतो. इतकेच नव्हे, तर सस्तन प्राण्यांमध्ये संकराचा इतिहास ज्यांच्या अंगात ठळकपणे वाचता येतो, अशा कुळांत सशांचा क्रम बराच वरचा आहे.

ससा आणि ससा

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिले आहे. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. न्यूझीलंड व्हाइट काय, सोव्हिएत चिंचिला काय किंवा लोकरीसाठी पाळला जाणारा अंगोरा काय, सगळे त्या एकाच रानटी जातीचे वंशज. तो बिळे खणतो, कळपाने राहतो आणि त्याची पिल्ले जन्मतः उघडीवाघडी, डोळे मिटलेली असतात.

आपल्या माळावरचा ससा निराळा. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात दबून बसतो. एकटा राहतो. मादीचा गर्भकाळ पाळीव सशासारखा एक महिन्याचा नसून सुमारे दीड महिन्याचा असतो. त्यामुळे पिल्ले जन्मतःच लवदार आणि डोळे उघडलेली असतात. फडातली पिल्ले पाहताक्षणी ओळखता येतात ती त्यामुळेच.

शेतकरी नेहमी विचारतात, "पाळलेला ससा रानात सुटला तर रानातल्या सशाशी त्याचा संकर होईल का?" होणार नाही. या दोन घराण्यांच्या वाटा एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रानसशाच्या पेशीत ४८. या लेखात यापुढे 'ससा' म्हणजे माळावरचा रानससा, शास्त्रीय भाषेत 'लेपस' या प्रजातीचा, असे समजावे. जगात या प्रजातीच्या तीसहून अधिक जाती आहेत. आपल्याकडचा तो 'लेपस नायग्रिकॉलिस'. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थच 'काळ्या मानेचा' असा आहे.

गोदावरीवरची हद्द

काळ्या मानेच्या सशाचे शास्त्रीय वर्णन फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ साली केले. तीनच वर्षांनी, १८२६ साली, उत्तर भारतातल्या सशाला 'लेपस रुफिकॉडॅटस' म्हणजे 'तांबड्या शेपटीचा ससा' असे स्वतंत्र नाव मिळाले. पुढे १८७४ साली ब्लॅनफर्ड यांनी सिंध-राजस्थानकडच्या फिकट, वाळूच्या रंगाच्या सशाला तिसरे नाव दिले. दक्षिणेतल्या सशाच्या मानेवर कानांमागून खांद्यांपर्यंत काळा पट्टा असतो आणि शेपटीची वरची बाजूही काळी असते. उत्तरेतल्या सशाची मान भुरी आणि शेपटी वरून तांबूस. इतके उघड फरक असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या निसर्ग-अभ्यासकांनी या तीन वेगवेगळ्या जाती मानल्या.

मग दोघांची हद्द कुठे? जुन्या ग्रंथांत ती दख्खनमध्ये, ढोबळमानाने गोदावरीच्या आसपास सांगितलेली आढळते. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला कोपरगावपासून नेवासे-शेवगावपर्यंत गोदावरी, दक्षिणेला श्रीगोंदा-कर्जतच्या कडेने भीमा. मावशींच्या शब्दांत गंगथडी आणि भीमथडी. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा त्या जुन्या रेषेला खेटूनच पसरला आहे. एका व्यक्तीच्या निरीक्षणावर शास्त्र उभे राहत नाही, हे खरे. ससा कात टाकावी तशी लव बदलतो, धुळीने रंग बदलतो, वयाने बदलतो. पण मावशींनी डोळ्यांनी टिपलेला फरक आणि पुस्तकातली रेषा एकाच ठिकाणी यावी, याचे मला नवल वाटले.

१९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी सुरू केली. तिची सुरुवात आपल्या शेजारच्या खानदेशातून झाली. पाहणीतले नमुने तपासणारे रॉटन यांनी १९१२ साली सशाचा आणखी एक प्रकार नोंदवला, 'सिमकॉक्सी' नावाचा. जितके नमुने हाती येऊ लागले, तितकी मधल्या रंगांची उदाहरणे वाढली. शेवटी विसाव्या शतकात हे सगळे प्रकार 'लेपस नायग्रिकॉलिस' या एकाच जातीखाली आणले गेले आणि आधीच्या 'जाती' झाल्या 'उपजाती'. आज साधारणपणे सात उपजाती मानतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात मात्र काळ्या मानेचा, सामान्य भारतीय आणि वाळवंटी अशी सशांची वेगवेगळी नावे बरीच वर्षे टिकून होती.

म्हणजे मावशींनी विचारलेला प्रश्न शंभर-दीडशे वर्षे अभ्यासकांनाही पडत आला आहे. एक जात की दोन? आणि दोन असतील, तर मधले कोण?

मढीची यात्रा आणि माझी व्याख्या

वर्गात मी जातीची व्याख्या अशी शिकवत असे: ज्यांच्यात आपसांत प्रजनन होऊन प्रजननक्षम संतती होते, ते एका जातीचे. ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली रूढ केली. उदाहरण द्यायला आपल्या जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रे, घोड्याच्या पेशीत ६४. दोघांचे खेचर होते, ते ६३ गुणसूत्रांचे. त्रेसष्टच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बीजपेशी नीट तयार होत नाहीत आणि खेचर वांझ राहते. यावरून "निसर्गाने जातींमध्ये भिंती बांधल्या आहेत" असे मी विद्यार्थ्यांना ठासून सांगत असे.

सशांनी ही भिंत पार खिळखिळी केली आहे. आजवर तपासलेल्या रानसशांच्या जातींत गुणसूत्रे ४८ च आढळली आहेत. त्यांची मांडणीही पुष्कळशी सारखी. रानसशांचे हे सगळे घराणे गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांतच फुटून जगभर पसरले. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ फार नाही. जाती वेगळ्या झाल्या, रंग-रूप-सवयी वेगळ्या झाल्या, पण दार पुरते बंद झाले नाही. दोन जातींचे ससे एकत्र आले, तर कधीमधी संकर होतो आणि संकरित पिल्लांपैकी काही पुढे वंश वाढवू शकतात.

संकरित पिल्लू मोठे होऊन पुन्हा मूळ दोन जातींपैकी एकीत मिसळते. त्याची पिल्ले त्याच जातीत मिसळतात. पाच-सात पिढ्यांत संकराची खूण अंगावर दिसेनाशी होते. पण दुसऱ्या जातीची काही जनुके आत राहून गेलेली असतात. या प्रकाराला मराठीत जनुकांचा शिरकाव म्हणता येईल. एका घरातली चार भांडी दुसऱ्या घरात गेली, नावे पुसली गेली आणि नातवंडांना ती आपलीच वाटू लागली, तसे हे.

आजोळची खूण

हा शिरकाव पहिल्यांदा उघडकीस आला तो एका विसंगतीमुळे. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आईवडील दोघांकडून येतो. पण पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये थोडा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. आपले आडनाव जसे वडिलांकडून येते, तशी ही खूण आईकडून, तिला तिच्या आईकडून, अशी आजोळच्या आजोळावरून चालत येते.

स्पेन-पोर्तुगालच्या उत्तर भागात तीन जातींचे ससे आहेत. २००३ ते २००५ च्या सुमारास पोर्तुगीज संशोधकांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा अनेक सशांमध्ये आजोळची खूण चौथ्याच जातीची निघाली. ती होती पहाडी सशाची, हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या थंड प्रदेशातल्या सशाची. पण पहाडी ससा तर आज त्या भागात नाही! शेवटचे हिमयुग संपले, हवामान तापले आणि तो तिथून नाहीसा झाला. जाण्यापूर्वी त्याच्या माद्यांचा दक्षिणेकडून सरकत आलेल्या जातींच्या नरांशी संबंध आला. ससा गेला, पण त्याची खूण हजारो वर्षे परक्या जातींच्या पेशींत मुक्काम करून राहिली.

हे कसे घडते, याचा हिशेब सोपा आहे. पहाडी मादी आणि नव्याने आलेल्या जातीचा नर यांच्या पिल्लात पहाडी अंश निम्मा. त्या पिल्लांपैकी मादीचा संबंध पुन्हा नव्या जातीच्या नराशी आला, तर पाव. असेच होत राहिले तर दहाव्या पिढीत पहाडी अंश उरतो १०२४ मध्ये एक. अशा सशाला पाहून कोणीही त्याला शुद्ध नव्या जातीचाच म्हणेल. पण आजोळची खूण निम्मी होत नसते. ती आहे तशी उतरत जाते.

यात आणखी एक नियम मदतीला येतो. तो १९२२ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दोन जातींच्या संकरात एकाच लिंगाची संतती कमी होत असेल किंवा वांझ निघत असेल, तर ते लिंग दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असणारे असते, असे त्यांनी दाखवले. सस्तन प्राण्यांत एक्स आणि वाय अशी वेगळी जोडी नराकडे असते. म्हणून संकराचा फटका नरांना अधिक बसतो, माद्या पुष्कळदा तग धरतात आणि वंश पुढे नेतात. आईकडून येणारी खूण जातीची हद्द सहज ओलांडते, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

२०२१ साली पंधरा जातींच्या सशांच्या जनुकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की असा शिरकाव एखाददुसऱ्या ठिकाणची गंमत नव्हे. सशांचे घराणे पसरत असताना तो पुन्हा पुन्हा घडत आला आहे.

उसनी घेतलेली लव

आता कोणी म्हणेल, चार परकी जनुके आली तर आली, त्याने सशाला काय फरक पडतो? पडतो. कधी कधी जगण्या-मरण्याइतका पडतो.

सशाचा एक केस उपटून पाहिला, तर तो एका रंगाचा नसतो. काळपट, पिवळसर, पुन्हा काळपट असे पट्टे त्यावर असतात. त्यामुळेच माळावर दबलेला ससा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. हे पट्टे घडवणाऱ्या जनुकांत 'अगूटी' नावाचे जनुक महत्त्वाचे आहे. ते चालू झाले की पिवळसर रंग भरतो, बंद झाले की काळपट.

उत्तर अमेरिकेतला हिमससा हिवाळ्यात पांढरा होतो. बर्फात पांढरा ससा शिकाऱ्याला दिसत नाही. पण पश्चिमेकडे, पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या भागात बर्फ कमी टिकतो आणि तिथले हिमससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. तपकिरी जमिनीवर पांढरा ससा म्हणजे कोल्ह्याला आमंत्रणच. हा गुण त्यांच्याकडे आला कुठून? २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे उत्तर आले. तपकिरी राहणाऱ्या हिमसशांतले अगूटी जनुक त्यांचे स्वतःचे नव्हतेच. ते काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून आले होते. नावात रॅबिट असले, तरी जॅकरॅबिट हा रानससाच आहे आणि तो कधीच पांढरा होत नाही. केव्हातरी झालेल्या संकरातून हे एक जनुक आत शिरले, कमी बर्फाच्या प्रदेशात उपयोगी ठरले आणि टिकले. बाकीचे परके अंश बहुतांशी पुसले गेले.

युरोपातही असेच. १८५५ साली नॉर्वेतून काही पहाडी ससे फेरो बेटांवर नेऊन सोडले. सुरुवातीला ते हिवाळ्यात पांढरे होत. बेटांवर बर्फ टिकत नसे. काही दशकांतच पांढरे होणारे ससे तिथून नाहीसे झाले आणि न बदलणारे उरले. २०१९ च्या अभ्यासात दिसले, की स्कँडिनेव्हियाच्या किनाऱ्यावरच्या आणि फेरोच्या या सशांमधला हा गुणही फार पूर्वी रंग न बदलणाऱ्या दुसऱ्या जातीच्या सशाकडून संकरातून मिळालेला आहे. हवामान तापत चालले आहे, बर्फाचे दिवस घटत आहेत. अशा वेळी कधीकाळी उसनी घेतलेली ही लव त्या सशांची शिदोरी ठरू शकते.

हे वाचल्यावर मला माझ्या हसण्याची लाज वाटली. 'गावरान' म्हणजे शुद्ध, कशाचाही स्पर्श न झालेले, आणि 'हायब्रीड' म्हणजे भेसळ, ही आपली बाजारातली विभागणी. तिथे ती उपयोगाची असेल. माळावरच्या सशाला ती लागू पडत नाही. जो शंभर टक्के गावरान दिसतो, त्याच्या पोटातही कुठल्या तरी जुन्या पाहुण्याची ठेव असू शकते, आणि ती ठेवच कधीतरी त्याला तारते.

सगळेच मिसळणे सारखे नाही

म्हणून सरसकट संकराचे कौतुक करावे, असे मात्र नाही. आयर्लंडमध्ये पहाडी सशाची एक खास उपजाती आहे. ती हजारो वर्षे तिथे एकटी राहिली. शिकारीच्या हौसेपायी माणसांनी तिथे बाहेरून तपकिरी ससे आणून सोडले. आज उत्तर आयर्लंडच्या काही भागांत दोघांचे संकर होत आहेत आणि मूळ ससा हळूहळू मागे रेटला जाईल, अशी भीती अभ्यासकांना वाटते.

आपल्याजवळचे उदाहरण सशाचे नाही, लांडग्याचे आहे. पुण्याजवळच्या माळरानांवर काही लांडगे वेगळ्याच रंगाचे दिसू लागले. ग्रासलँड्स ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी ते टिपले. मग एट्री आणि एनसीबीएस या बंगळुरूच्या संस्थांच्या संशोधकांनी जनुकीय तपासणी केली आणि लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे सिद्ध झाले. माळरान घटले, कचऱ्याबरोबर मोकाट कुत्री वाढली, लांडग्याला जोडीदार मिळेना. कुत्र्यांच्या संख्येपुढे लांडगे इतके थोडे आहेत, की अशा संकरात लांडगाच विरघळून जाण्याचा धोका आहे.

हिमसशाचा संकर आणि आयर्लंडमधला किंवा पुण्याजवळचा संकर यांत फरक काय? पहिला जमिनीच्या ओघाने झाला. दोन जातींच्या सीमा हवामानाबरोबर सरकल्या, भेट झाली, हजारो पिढ्यांच्या चाळणीतून उपयोगी तेवढे टिकले. दुसऱ्यात माणसाने एक प्राणी उचलून दुसऱ्याच्या घरात टाकला, किंवा घरच मोडून टाकले. तिथे चाळणीला वेळच मिळत नाही.

रेहेकुरीला का नेऊ नये

आता त्या दोन पिल्लांकडे परत येऊ. शेतकऱ्याच्या मुलाचा हेतू चांगला होता. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. श्रीगोंद्याहून ते फार लांब नाही, तेव्हा तिथे दोन पिल्ले नेऊन जनुकांच्या दृष्टीने आकाश कोसळले नसते. पिल्ले मात्र बहुधा मेली असती, कारण दूध पाजणारी आई मागे फडाजवळच राहिली असती. आणि हाच चांगुलपणा गाडीत बसून लांब जातो, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. गंगेपलीकडे सापडलेला ससा पुण्याला, पुण्याचा साताऱ्याला, विदर्भातला इकडे, असे सोडत गेलो तर दख्खनने लाखो वर्षांत आखलेली रेषा आपण दहा-वीस वर्षांत, कुणी नीट वाचण्याआधीच पुसून टाकू.

ही रेषा वाचण्याजोगी आहे. उपजातींमधले मिसळणे हे काटेकोर अर्थाने दोन जातींचा संकर नव्हे. पण जात फुटण्याच्या वाटेवर असते, तेव्हा नेमके काय होते, ते अशाच सीमेवर दिसते. काळी मान आणि भुरी मान हळूहळू एकमेकींत मिसळत जातात की एखाद्या पट्ट्यात एकदम बदलतात? आजोळची खूण आणि रंगाची खूण एकाच ठिकाणी बदलतात की एक पुढे, एक मागे? यासाठी ससा मारावा लागत नाही, पकडावाही लागत नाही. बांधावर पडलेल्या ताज्या लेंड्यांवर सशाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए मिळवता येतो. रस्त्यावर गाडीखाली आलेल्या सशाच्या कानाचा लहानसा तुकडाही पुरतो, अर्थात वनखात्याच्या परवानगीने. कोपरगावपासून कर्जतपर्यंत, उत्तर-दक्षिण अशी एक ओळ धरून हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे.

पण त्यासाठी ससा गंगथडीपासून भीमथडीपर्यंत सलग असायला हवा. पूर्वी उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र ठिकठिकाणी कोरडे पडे आणि दोन्ही काठांवर माळ आणि कोरडवाहू रान होते. मग कालवे आले. १९५० साली प्रवरानगरला देशातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याचे रूपच पालटले. १९७० च्या दशकात जायकवाडीचे पाणी शेवगाव-नेवाशाच्या कडेला पसरले. कोपरगाव तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो, दोन्ही बाजूंनी बंदिस्त. यातली प्रत्येक गोष्ट माणसांच्या गरजेतून आली आहे आणि तिचा लाभ मीही घेतो. ससा उसात राहतो, नाही असे नाही. पण फड दरवर्षी एकदा सपाट होतो आणि त्याचे पक्के घर उरते ते बांध, गायरान आणि माळ.

या माळालाच आपण 'पडीक' म्हणतो आणि झाडे लावून 'सुधारायला' निघतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकगीतांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राची ही माळराने जंगल तोडून उरलेली नसून किमान साडेसातशे वर्षे अशीच आहेत, असे त्यांना आढळले. ज्या बाभळी आणि तरवड आपण आज पाहतो, ते तेव्हाही होते. तेव्हा माळ मोडला की सशाचे घर तर मोडतेच, पण एका टोकाच्या सशाची जनुके दुसऱ्या टोकाला पोचण्याची वाटही बंद होते. राखायचे आहे ते सशाचे 'शुद्ध रक्त' नव्हे, ही वाट राखायची आहे.

मावशींना उत्तर

सशाची पिल्ले सापडली तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे, कारण दिवाळीनंतर गळीत हंगाम ऐन भरात येतो. पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते पोरके झाले, असे नाही. सशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. तिच्या वासाने कोल्हा-मुंगूस तिथवर येऊ नये म्हणून ती दूर राहते आणि बहुधा दिवस मावळल्यावर, थोडा वेळच, दूध पाजायला येते. तोडणी चालू असेल तर पिल्लू गवताच्या बोळ्याने उचलून जवळच्या बांधावर, गवताच्या आडोशाला ठेवावे आणि कुत्री लांब ठेवावीत. घरी नेऊ नये, गाईचे दूध पाजू नये. रानससा पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

त्या दिवशी शेतकऱ्याचा मुलगा दिवस मावळेपर्यंत लांब बैलगाडीच्या आडोशाला बसून राहिला. रात्री त्याचा फोन आला, "सर, आली होती. दोन मिनिटं थांबली अन् गेली."

टोळी पुढच्या फडावर निघून गेली होती, त्यामुळे मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या, तर आज मी हसलो नसतो. म्हणालो असतो, "मावशी, काळ्या मानेचाही गावरान आणि भुऱ्या मानेचाही. दोघांच्या मधला जो असेल, तोही गावरानच. फक्त त्याला त्याच्या त्याच्या रानात राहू द्यायचं. आणि तुम्हाला भुऱ्या मानेचा ससा नेमका कुठल्या गावाच्या शिवारात दिसला, तेवढं मला लिहून घेऊ द्या."